लॅपटॉप किती टिकेल, हे घेण्याआधी कसे पारखावे: मराठवाड्यातील कार्यालयांसाठी

परभणीतील एका कर सल्लागार कार्यालयाच्या संगणकांची खरेदी आणि देखभाल गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे. आमचे सहकारी मानवत, सेलू, जिंतूर या भागांतील जिनिंग कारखान्यांत, आडत दुकानांत आणि पतसंस्थांत हिशेब तपासायला जातात. लॅपटॉप त्यांच्यासोबत एसटीने किंवा दुचाकीवरून प्रवास करतो, दिवसभर रुईच्या गंजीशेजारच्या टेबलावर चालतो आणि संध्याकाळी फुफाटा अंगावर घेऊन परत येतो. या वापरात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. प्रोसेसर जुना झाला म्हणून आमचा लॅपटॉप क्वचितच बाजूला ठेवावा लागला. तो बाजूला पडला तो बिजागरी उखडल्यामुळे, चार्जिंगचे तोंड ढिले झाल्यामुळे, पंखा गच्च भरल्यामुळे किंवा बॅटरी फुगल्यामुळे. दुकानात मात्र सगळी चर्चा प्रोसेसर आणि रॅमचीच होते. म्हणून लॅपटॉपची बांधणी आणि टिकाऊपणा यांची तुलना कोणत्या क्रमाने आणि कशी करावी, ते येथे सविस्तर मांडतो.

पहिली पायरी: लॅपटॉप कुठे राबणार आहे, ते लिहून काढणे

मॉडेलांची नावे पाहण्याआधी कागदावर चार-पाच ओळी लिहाव्यात: लॅपटॉप दिवसातून किती तास चालेल, किती वेळा पिशवीत जाईल, वातानुकूलित खोलीत असेल की पत्र्याच्या छताखाली, वीज किती भरवशाची आहे आणि जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे. हे काम क्षुल्लक वाटते, परंतु पुढचे सगळे निर्णय यावरच ठरतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील लेखा विभागात एकाच टेबलावर राहणारा लॅपटॉप आणि हिंगोलीच्या गावांत मोजणीसाठी फिरणारा लॅपटॉप यांच्याकडून अपेक्षा वेगळ्या असतात.

उष्णतेची ओळ तर लिहावीच. लेनोव्होच्या थिंकपॅड मॉडेलांच्या माहितीपत्रकांत वापरासाठीचे तापमान बहुधा ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेले असते, आणि अ‍ॅपल मॅकबुकसाठी ते १० ते ३५ अंश आहे. परभणी, नांदेड, जालना येथे एप्रिल आणि मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जाणे ही नित्याची बाब आहे, आणि पंखा फिरत असला तरी दुपारी खोलीतील हवा ३५ अंशांच्या पुढेच राहते. याचा अर्थ असा की आपल्याकडे वर्षातील निदान दोन महिने लॅपटॉप निर्मात्याने गृहीत धरलेल्या मर्यादेबाहेर चालतो. तो लगेच बंद पडत नाही, पण बॅटरी आणि पंखा यांचे आयुष्य मात्र झपाट्याने खर्ची पडते.

दुसरी पायरी: नावावर न जाता श्रेणी ओळखणे

व्यावसायिक लॅपटॉप म्हटले की तीन नावे प्रथम येतात: लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलिटबुक. थिंकपॅड हे नाव आयबीएमने १९९२ साली आणले आणि २००५ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय लेनोव्होकडे गेला. या नावांमागे पुण्याई आहे हे खरे. परंतु एकाच नावाखाली तीन-चार दर्जांची बांधणी विकली जाते, हे दुकानात कोणी सांगत नाही. थिंकपॅडमध्ये ‘ई’ ही स्वस्त मालिका, ‘एल’ मधली आणि ‘टी’ व ‘एक्स’ या वरच्या. थिंकबुक हे तर थिंकपॅड नव्हेच, ती निराळी मालिका आहे. लॅटिट्यूडमध्ये ३०००, ५००० आणि ७००० अशा चढत्या पायऱ्या होत्या; २०२५ मध्ये डेलने नावेच बदलली आणि डेल प्रो, डेल प्रो प्लस आणि डेल प्रो प्रीमियम अशी विभागणी केली. एचपीकडे प्रोबुक खाली आणि एलिटबुक वर असतात. म्हणून तुलना करताना थिंकपॅड ‘ई’ समोर एलिटबुक ठेवून ‘एचपीच मजबूत’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. समान श्रेणीसमोर समान श्रेणीच ठेवावी.

वरची श्रेणी म्हणजे प्रत्येक बाबतीत अधिक टिकाऊ, हेही गृहीत धरू नये. लॅटिट्यूड ५४४० मध्ये रॅम काढून बदलता येते, तर त्याहून महाग असलेल्या ७४४० मध्ये ती मदरबोर्डवरच, म्हणजे आतील मुख्य सर्किटपट्टीवरच, कायमची जोडलेली असते. पातळपणा आणि हलकेपणा यांसाठी ग्राहक जास्त पैसे मोजतो आणि त्या बदल्यात दुरुस्तीची सोय गमावतो. सतत विमानाने फिरणाऱ्या अधिकाऱ्याला हा सौदा परवडत असेल. आमच्यासारख्या कार्यालयाला मी तो कधीच सुचवणार नाही.

तिसरी पायरी: लष्करी मानकाचा दावा नीट वाचणे

बहुतेक जाहिरातींत ‘मिल-एसटीडी-८१०एच’ हे शब्द ठळकपणे छापलेले असतात. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे चाचणी मानक असून त्याची ‘एच’ ही आवृत्ती २०१९ सालची आहे. त्याआधीची ‘जी’ आवृत्ती २००८ मध्ये आली होती. यात उच्च तापमान, आर्द्रता, वाळू आणि धूळ, कंपन, धक्का अशा अनेक पद्धती क्रमांकानिशी दिलेल्या आहेत. ५०१ क्रमांकाची पद्धत उष्णतेची, ५१० वाळू व धुळीची, ५१४ कंपनाची आणि ५१६ धक्क्याची.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे, हे मानक लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही. कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि किती कठोरपणे घ्यायच्या, हे निर्माता स्वतः निवडतो. दुसरी म्हणजे, पास झालेल्या चाचण्यांची यादी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. खाली पाडण्याच्या चाचणीत वस्तू तिच्या ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे अशा २६ प्रकारे पाडली जाते, परंतु मानकानुसार हे २६ आघात पाच नगांपर्यंत वाटून देण्याची मुभा आहे. म्हणजे एकच लॅपटॉप २६ वेळा पडून वाचला, असे समजण्याचे कारण नाही. शिवाय पडण्याची उंचीही दावा वाचताना तपासावी. ७६ सेंटिमीटर म्हणजे टेबलाची उंची, आणि १२२ सेंटिमीटर म्हणजे उभ्या माणसाच्या हातातील उंची. आपल्या दृष्टीने यादीत उष्णता, धूळ आणि कंपन या तीन पद्धती आहेत का, एवढे पाहावे. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची किंवा गोठणबिंदूखालील थंडीची चाचणी लातूरच्या माणसाच्या फारशी उपयोगाची नाही.

ज्यांचे काम खरोखरच उघड्यावर, पावसात किंवा ट्रॅक्टरवर चालते, त्यांनी साध्या व्यावसायिक लॅपटॉपच्या लष्करी दाव्यावर विसंबू नये. त्यांच्यासाठी पॅनासोनिकचे टफबुक किंवा डेलचे लॅटिट्यूड रग्ड (२०२५ पासून डेल प्रो रग्ड) अशी वेगळी जात आहे. त्यांचे वजन आणि किंमत दोन्ही जास्त असतात.

चौथी पायरी: हातात घेऊन तपासणे

छायाचित्रे पाहून बांधणी कळत नाही. शक्य असेल तर परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरच्या दुकानात जाऊन लॅपटॉप हातात घ्यावा, किमान पंधरा मिनिटे द्यावीत आणि दुकानदाराला आधीच सांगून ठेवावे की आपण थोडे दाबून, वाकवून पाहणार आहोत. जाणता दुकानदार यास हरकत घेत नाही.

सुरुवात बिजागरीपासून करावी. लॅपटॉप टेबलावर ठेवून झाकण मध्यभागी धरून सावकाश उघडावे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोर सारखाच लागला पाहिजे. मध्येच अडखळणे किंवा एकदम सैल होणे चांगले लक्षण नाही. नंतर झाकण उजव्या कोपऱ्याने आणि मग डाव्या कोपऱ्याने उघडून पाहावे. दोन्ही वेळा पडदा पिळवटल्यासारखा दिसत असेल तर झाकणात पुरेशी ताकद नाही. मग टंकलेखन करून पाहावे आणि पडदा किती थरथरतो ते बघावे. एसटीत मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्याला ही थरथर दिवसभर सोसावी लागते.

बिजागरी का तुटते, हे एकदा समजून घेतले की पाहण्याची नजर बदलते. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू पितळेच्या छोट्या नळ्यांत बसवलेले असतात आणि त्या नळ्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांत तापवून रोवलेल्या असतात. काळाच्या ओघात बिजागरीतील वंगण सुकते, त्यात धूळ मिसळते आणि ती जड होत जाते. आता झाकण उघडताना लागणारा सगळा जोर त्या प्लॅस्टिकच्या खुंटीवर येतो. एक दिवस खुंटी तडकते, तळाचा आणि वरचा भाग कोपऱ्यात उकलतो आणि बिजागरी बाहेर डोकावते. आमच्या एका सहकाऱ्याचा लॅपटॉप तिसऱ्या वर्षी नेमका असाच गेला. आत सर्व काही ठणठणीत होते, परंतु वरचा संपूर्ण सांगाडा बदलण्याचा खर्च ऐकून आम्ही तो टेबलावर कायमचा उघडा ठेवून वापरला. चांगल्या बांधणीत बिजागरी धातूच्या चौकटीला जखडलेली असते, आणि याची खात्री कशी करून घ्यायची ते पुढच्या पायरीत येते.

यानंतर लॅपटॉप चालू असताना पुढच्या एका कोपऱ्याला धरून एका हाताने उचलावा. करकर आवाज येणे, टचपॅडवर आपोआप क्लिक होणे किंवा तळ वाकल्याचे जाणवणे, ही तीनही सांगाडा कमकुवत असल्याची चिन्हे आहेत. झाकणाच्या पाठीवर मध्यभागी बोटांनी हलका दाब द्यावा. पडद्यावर लाटा उमटल्या तर पिशवीतील पुस्तकांचा किंवा जेवणाच्या डब्याचा दाबही पडद्यापर्यंत पोहोचेल, हे उघड आहे. कळफलकाच्या मधोमध दाबल्यावर तो खचत असेल तर तेही नोंदवावे.

धातू की प्लॅस्टिक, हा वाद मात्र मला अवाजवी वाटतो. अ‍ॅल्युमिनियम दिसायला उत्तम आणि ताठ असते, पण आपटल्यावर जो पोचा पडतो तो तसाच राहतो, आणि कोपऱ्याचा पोचा कधी कधी थेट पडद्याच्या काचेवर येतो. मॅग्नेशियमचे मिश्रधातू अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बरेच हलके असतात आणि म्हणून थिंकपॅडच्या वरच्या मालिकांत आतील चौकटीसाठी त्यांचा वापर होत आला आहे. काचतंतू किंवा कार्बनतंतू मिसळलेले प्लॅस्टिक वाकून पुन्हा पूर्ववत होते. खरा प्रश्न आत चौकट आहे की नाही हा आहे. बाहेरचा पत्रा चकाकतो की नाही, याने आयुष्य ठरत नाही. रंग दिलेले प्लॅस्टिक धातूसारखे भासते, तेव्हा नखाने टकटक करून आणि थंड स्पर्शावरून ओळखावे.

शेवटी जोडण्यांची तोंडे पाहावीत. यूएसबी-सीची वायर खोचून ती हलक्या हाताने वर-खाली करावी. चार्जिंगसाठी यूएसबी-सीची दोन तोंडे असतील आणि दोन्हींवरून चार्जिंग होत असेल, तर ते मोठेच वरदान आहे, कारण एक ढिले झाले तरी काम थांबत नाही. सरकारी कार्यालयांत आणि पतसंस्थांत अजूनही वायरचे नेटवर्क असल्याने लॅनचे तोंडही उपयोगी पडते. मात्र पातळ मॉडेलांत ते जबड्यासारखे उघडणारे असते आणि तो जबडाच आधी मोडतो.

पाचवी पायरी: सर्व्हिस मॅन्युअल वाचणे

संपूर्ण तुलनेत मी सर्वांत जास्त वजन या पायरीला देतो, आणि खेद वाटतो की ती बहुतेक जण टाळतात. लेनोव्हो, डेल आणि एचपी या तिन्ही कंपन्या आपल्या व्यावसायिक लॅपटॉपच्या दुरुस्तीची सचित्र पुस्तिका आपापल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतात. मॉडेलचे पूर्ण नाव देऊन ती शोधावी. इंग्रजी फारसे येत नसले तरी चित्रांवरून बरेच कळते. स्वस्त घरगुती लॅपटॉपसाठी अशी पुस्तिका अनेकदा सापडतच नाही, आणि ती न सापडणे हीच एक माहिती आहे.

पुस्तिका हाती आली की पुढील गोष्टी शोधाव्यात. तळाचे झाकण किती स्क्रूंनी बसवले आहे आणि ते स्क्रू झाकणातच अडकून राहतात का? तसे असेल तर दुरुस्तीत स्क्रू हरवत नाहीत, आणि आमच्या भागातील साध्या दुकानातही काम नीट होते. बॅटरी स्क्रूंनी बसवली आहे की चिकटवली आहे? पंखा एकटा निघतो की त्यासाठी मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो? बिजागरी ज्या चित्रात दाखवली आहे, तेथे तिचे स्क्रू कोणत्या भागात जातात? चार्जिंगचे तोंड वेगळ्या छोट्या वायरवर किंवा पट्टीवर आहे, की मदरबोर्डवरच डागले आहे? वेगळे असेल तर दुरुस्ती काही शे रुपयांत होऊ शकते, अन्यथा मदरबोर्डवर डाग देणारा कुशल कारागीर शोधावा लागतो.

कळफलकासाठी स्वतंत्र प्रकरण असते. काही मॉडेलांत तो दोन-चार स्क्रू काढून वरच्या बाजूनेच निघतो. इतरांत तो वरच्या सांगाड्याला प्लॅस्टिकच्या असंख्य रिबिटांनी कायमचा जखडलेला असतो, आणि एक कळ बिघडली तरी सांगाडाच बदलावा लागतो. ज्या कार्यालयात दिवसातून चार वेळा चहा टेबलावर येतो, त्याने हे अवश्य पाहावे. सांडलेले पाणी वाहून जावे म्हणून कळफलकाखाली नाली आणि तळाला भोके ठेवण्याची पद्धत थिंकपॅडमध्ये जुनी आहे. परंतु ती थोड्या पाण्यासाठी आहे. साखरेचा चहा सांडला तर नाली असली तरी लॅपटॉप तत्काळ बंद करून, चार्जर काढून, उलटा धरून दुरुस्तीकडे न्यावा, कारण पाणी वाळून जाते आणि साखर कळांखाली चिकटून राहते.

उदाहरण देतो. २०१८ च्या थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमच्या दोन्ही जागा मोकळ्या होत्या आणि एक बॅटरी आत, तर दुसरी बाहेरून काढता येणारी होती. पुढच्याच वर्षीच्या टी४९० मध्ये बाहेरची बॅटरी गेली आणि काही रॅम मदरबोर्डवर कायमची बसवली गेली. त्यानंतर २०२४ च्या टी१४ जेन ५ मध्ये लेनोव्होने पुन्हा रॅमच्या दोन जागा दिल्या आणि सुट्या भागांची दुरुस्ती सोपी केली; दुरुस्तीयोग्यता जोखणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने त्यास १० पैकी ९ गुण दिले. मात्र नावात एक ‘एस’ वाढून टी१४एस झाले की रॅम पुन्हा मदरबोर्डवर जोडलेली असते. देयकावर मॉडेलचे पूर्ण नाव अक्षरशः वाचून घेण्याचा माझा आग्रह याचसाठी आहे.

सहावी पायरी: उष्णता आणि धूळ

दुकानात लॅपटॉप थंड खोलीत पाच मिनिटे चालतो आणि सर्वच मॉडेले सारखी वाटतात. शक्य असल्यास वीस मिनिटे सलग जड काम देऊन पाहावे. त्या वेळी हवा कोठून आत जाते आणि कोठून बाहेर पडते, ते हाताने शोधावे. गरम हवा थेट पडद्याच्या खालच्या कडेवर आदळत असेल तर उन्हाळ्यात पडदा तापतो. हवा फक्त तळातून ओढली जात असेल तर गादीवर, मांडीवर किंवा सतरंजीवर लॅपटॉप ठेवताच श्वास कोंडतो. तळाचे रबरी पाय किती उंच आहेत, हे यासाठी महत्त्वाचे. गोंदाने चिकटवलेले पाय आपल्या उन्हाळ्यात सुटतात, तेव्हा ते खोबणीत बसवलेले असणे चांगले.

रुई आणि साधी धूळ यांत मोठा फरक आहे. काळ्या मातीची धूळ बारीक असते, ती पंख्याच्या पात्यांवर बसते आणि हवेने झटकली जाते. रुईचे तंतू मात्र तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीसमोर नमद्यासारखा थर करतात, आणि तो बाहेरून हवा मारून निघत नाही, उलट घट्ट बसतो. जिनिंगमध्ये फिरणाऱ्या लॅपटॉपचा पंखा उघडूनच साफ करावा लागतो. म्हणून ज्याचा पंखा तळ उघडताच समोर दिसतो, असे मॉडेल मी थोडे महाग असले तरी निवडतो.

सातवी पायरी: वीज, अर्थिंग आणि बॅटरी

धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जिंग चालू असताना हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात, अशी तक्रार मला वरचेवर ऐकू येते. हा लॅपटॉपचा दोष असेलच असे नाही. चार्जरमधील गाळणीच्या कपॅसिटरमधून अतिशय थोडा प्रवाह बाहेर येतो आणि अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. भिंतीत तिसऱ्या पिनेला तारच नसेल तर तो आपल्या हातातून वाट शोधतो. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या गाळ्यांत अशी स्थिती सर्रास आढळते. तेव्हा लॅपटॉप बदलण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांचा चार्जर असलेल्या मॉडेलला मी प्राधान्य देतो, आणि त्या तीन पिनांतील एक कापून दोन पिनांच्या जागेत खोचण्याची सवय कठोरपणे मोडतो.

बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे कमी दाबाची वीज हा मोठा धोका नाही. खरा धोका ट्रान्सफॉर्मरवरील न्यूट्रल तुटून एकाएकी दाब वाढण्याचा आणि वळवाच्या पावसातील विजांचा आहे. आकाश गडगडू लागले की चार्जर काढून ठेवावा. चार्जर बदलावा लागला तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे.

बॅटरीची तुलना करताना क्षमता वॅट-तासांत पाहावी; ‘इतके तास चालते’ हा दावा निर्मात्याच्या सोयीच्या परिस्थितीतला असतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत पूर्ण भरलेले राहणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती लवकर म्हातारी होते, आणि आमच्या कार्यालयांत मे महिन्यात नेमके हेच घडते. व्यावसायिक मालिकांत ही मर्यादा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा बायोसमधून (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ व्यवस्थेतून) घालता येते. टचपॅड वर उचलल्यासारखे किंवा तळ फुगल्यासारखे दिसले तर त्या क्षणी वापर थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबून बसवण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

आठवी पायरी: सेवा

वॉरंटीच्या कागदावर ‘जागेवर सेवा’ लिहिलेले असले तरी विक्रेत्याला आपला पिन कोड सांगून, अभियंता खरोखर आपल्या गावी येतो का आणि किती दिवसांत येतो, हे लेखी विचारावे. जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणारी सेवा तालुक्याला मिळतेच असे नाही. पडणे आणि सांडणे यांसाठी वेगळे संरक्षण विकत घ्यावे लागते. सतत प्रवास करणाऱ्या लॅपटॉपसाठी ते घ्यावे, टेबलावरच्यासाठी नको.

नववी पायरी: वापरलेला व्यावसायिक लॅपटॉप

मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरारातून सुटलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड आणि एलिटबुक आता आपल्याकडेही सहज मिळतात, आणि नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा चार वर्षे जुना वरच्या श्रेणीचा लॅपटॉप अनेकदा अधिक काळ टिकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तपासणी दुप्पट काटेकोर हवी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (लॅपटॉपमधील सुरक्षेची सोय) व इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना लॅपटॉप कितीही मजबूत असला तरी विंडोजवरील कार्यालयीन कामासाठी घेऊ नये. चालू होताच बायोसमध्ये शिरून पाहावे. तेथे पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याकडे तो नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. विंडोज नव्याने टाकून इंटरनेटला जोडल्यावर एखाद्या अनोळखी कंपनीचे लॉगिन मागितले जात असेल, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नोंदीतून सुटलेला नाही.

बॅटरीची खरी स्थिती विंडोजच सांगते. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ असे टाइप करावे, एक जागा सोडून तिरकी रेघ द्यावी आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहावे (powercfg /batteryreport). तयार झालेल्या अहवालात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता दिसते. मूळ ५७ वॅट-तास आणि आज ४० असेल तर सुमारे ७० टक्के उरली आहे. याखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून घ्यावी. कळा गुळगुळीत झाल्या असतील तर चिंता नाही, परंतु बिजागरीजवळच्या कोपऱ्यात बारीकशी भेग दिसली तरी तो नग सोडून द्यावा.

दहावी पायरी: हिशेब मांडणे

आता कागदावर मॉडेलांसमोर रकाने आखून नोंदी मांडाव्यात. मी १०० पैकी ३० गुण सर्व्हिस मॅन्युअलवरून दिसणाऱ्या दुरुस्तीच्या सोयीला, २५ बिजागरी व सांगाड्याला, २० पंखा आणि हवेच्या मार्गाला, १५ आपल्या पिन कोडवरील सेवेला आणि १० बॅटरीला देतो. आपले काम टेबलावरचे असेल तर बिजागरीचे गुण कमी करून बॅटरीकडे वळवावेत, कारण कायम चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपची बॅटरीच आधी जाते.

किंमत मात्र गुणांत मिसळू नये, ती वर्षांवर पसरावी. समजा एक लॅपटॉप ४५,००० रुपयांचा असून तो ३ वर्षे टिकेल असे आपल्या तपासणीवरून वाटते. वर्षाला १५,००० रुपये झाले. दुसरा ७८,००० रुपयांचा आहे, त्याला मध्ये ६,००० रुपयांची नवी बॅटरी लागेल आणि तो ६ वर्षे चालेल. वर्षाला १४,००० रुपये. त्याशिवाय तीन वर्षांनी नवा लॅपटॉप घेऊन सगळी कामे त्यावर हलवण्याचे दोन-तीन दिवस वाचतात. रिटर्न भरण्याच्या मुदतीच्या आठवड्यात लॅपटॉप बंद पडला की त्या दिवसांची खरी किंमत कळते.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात, विक्रेत्याची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी, चौथ्या पायरीतील सर्व तपासण्या आपल्या नगावर पुन्हा कराव्यात, कारण दुकानातील नमुना आणि खोक्यातील नग यांत फरक निघू शकतो. अनुक्रमांक वहीत लिहावा, कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख देयकाशी जुळते का ते पाहावे आणि तळाचे छायाचित्र काढून ठेवावे. चार्जिंगची मर्यादा त्याच दिवशी ८० टक्क्यांवर घालावी. लॅपटॉप वापरणाऱ्या प्रत्येकाला झाकण मधोमध धरून उघडण्याची सवय लावावी, आणि पिशवीत तो ठेवताना चार्जरची वीट पडद्याच्या बाजूला येणार नाही हे दाखवून द्यावे. आमच्या कार्यालयात जिनिंगचा हंगाम ओसरल्यावर, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सगळे लॅपटॉप एकाच दिवशी उघडून पंखे साफ केले जातात, तळाचे स्क्रू आणि बिजागऱ्या तपासल्या जातात आणि बॅटरीचा अहवाल काढून वहीत मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहिला जातो, म्हणजे एप्रिलचे ऊन सुरू होण्याआधी कोणता लॅपटॉप बाहेर पाठवायचा आणि कोणता टेबलावर ठेवायचा, हे ठरवता येते.